निस्ते ठिपके

मी अमडापूरच्या एसटी थांब्यावर भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते, पण कान सगळे शेजारी! एक आजोबा आपल्या आंधळ्या बायकोला पेपरातली बातमी सांगत होते.

"झुंबर, विलायतेत डॉक्टरनं एका आंधळ्या बाईच्या डोक्यात बिजलीच्या तारा बसवल्या!"

"आपल्या गावात अजून खांब नाही आले, अन् डोक्यात तारा?"

"हासू नको. आज आपल्या डॉक्टरनं इलाज नाही म्हणलं, पण उद्याचं कोनं पाह्यलं?"

"त्या बाईले दिसते काय?"

"उजेडाचे निस्ते ठिपके."

"मंग बस झालं! ठिपके दिसले की रांगोळीच्या रेघा मी ओढीन."

"तोवर ठिपक्यांच्या जागी ज्वारीचे दाणे मांडून देतोच न मी?"

"देता, पण वाकडे! बोटाले समजते. म्हणून तर तारा पाह्यजेत मले!"