मलब्याची वीट

(अंधेरी एमआयडीसीतली बांधकामाचा माल तपासायची लॅब. दाब देणाऱ्या मशीनपुढे तरुण इंजिनियर श्रुतिका, तिचे वडील धोंडू गवंडी आणि मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरी रत्नप्रभाबाई.)

श्रुतिका : अठरा... एकोणीस... काकू, मागे सरका ना! तुकडा उडाला तर डोळ्यात जाईल.

रत्नप्रभा : चष्मा आहे मला. तू आकडा वाच.

श्रुतिका : वीस टन. एकवीस. बाबा, बघ ना! मागच्या महिन्यातली वीट अकरावरच भुगा झालेली.

धोंडू : बोलू नको गो. आकड्यार लक्ष ठेव.

श्रुतिका : तेवीस... चोवीस! झाली, चोवीस झाली! साडेचोवीस... गेली. पण चोवीस पार करून गेली!

रत्नप्रभा : सातवी वीट, साडेचोवीस टन. अट काय होती आपली?

श्रुतिका : आठ विटा, आणि एकही चोवीसच्या आत फुटता कामा नये. तुम्हीच घातली होतीत.

रत्नप्रभा : आणि बरोबर घातली. ट्रॉम्बेच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत मी. तुमच्या नियमात सरासरी चालते, मला नाही चालत. माणसं भिंतीत राहतात, सरासरीत नाही.

श्रुतिका : मान्य, शंभर टक्के मान्य! पण काकू, सात झाल्या, फक्त एक राहिली. लॅबचा मुकुल मशीनची प्लेट साफ करतोय, दहा मिनिटं लागतील म्हणाला.

धोंडू : सकाळपासून खाल्लंस काय तू?

श्रुतिका : बाबा, आता खाणं कुठे काढतोस! विचार कर ना जरा. तुमच्या पाडलेल्या चार मजली बिल्डिंगचा अख्खा मलबा, म्हणजे भिंती, जिने, गच्ची, सगळं, कुठेतरी खाडीच्या कडेला जाऊन पडलं असतं, त्या तिवरांवर. त्याच्याऐवजी नव्या चौदा मजल्यांच्या आतल्या सगळ्या भिंती त्यातूनच होणार. भट्टी नाही, धूर नाही, डोंगर फोडायचा नाही. काकू, तुमच्या जुन्या स्वयंपाकघराची भिंत कुणाच्या तरी नव्या बेडरूममध्ये असेल!

रत्नप्रभा : असेल म्हणू नकोस, आठवी वीट बाकी आहे. आणि संध्याकाळी सहाला सोसायटीची सभा आहे, ह्या विटा घ्यायच्या की नाही ते ठरवायला. मागच्या महिन्यात बिल्डरच्या त्या राजेशनं सत्तावीस कुटुंबांसमोर तुझी वीट फरशीवर टाकली आणि तिचे तुकडे झाले. लोक विसरलेले नाहीत.

श्रुतिका : मीही नाही विसरले. तो हसला ना, तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं होतं. दोन वर्षं घालवली होती यार त्या मिश्रणावर.

रत्नप्रभा : मग एका महिन्यात असं काय बदललं? अकरा टनांवरून साडेचोवीस. सभेत हाच पहिला प्रश्न येणार.

श्रुतिका : सिमेंट तेवढंच, मशीन तेच. बाबांनी मलबा बदलला. म्हणजे, निवडला. ए विंगचं खालच्या दोन मजल्यांचं प्लास्टर पूर्ण वेगळं काढलं. तीन आठवडे रोज सकाळी ढिगावर बसून, चार बायका सोबत घेऊन, हातोडीनं एकेक तुकडा सोडवला. मला म्हणाला, हा माल तुझ्या विटेत नको, ह्यात गाळ आहे आणि मीठ आहे.

रत्नप्रभा : मीठ? ते कसं कळलं तुम्हाला, धोंडूभाऊ?

श्रुतिका : जिभेवर ठेवून! खरंच सांगते काकू. मी नंतर लॅबमधून तपासून घेतलं, तर तंतोतंत निघालं. झकास ना?

रत्नप्रभा : झकास आहे. पण बिल्डिंगला तीन विंग होत्या. ढिगात सगळं मिसळलेलं. नेमकं ए विंगचंच प्लास्टर, आणि तेही खालच्या दोन मजल्यांचंच खराब, हे जिभेला कसं कळलं?

श्रुतिका : ते... रंगावरून. काळसर असतं ते.

रत्नप्रभा : मी त्यांना विचारलं.

धोंडू : बाई, चव मगे घेतलंय. माका आधीच ठावक होता.

श्रुतिका : बाबा, आज नको. प्लीज. संध्याकाळी मतदान आहे.

धोंडू : बाईंनी इचारलां आसा, श्रुतिका. गप रव जरा. बाई, ता प्लास्टर मी केलंय. पंच्याऐंशी साली. वीस वर्सांचो होतंय, गावासून नवीनच इललंय. चांगली रेती वेळेर येयना, आणि मुकादम घाई करी. पावसाआधी घरां द्यायची होती. मगे खाडीतली रेती होडी भरून आणल्यानी. काळी, खारी, चिखलाची. धुवूक गोडा पाणी नाय. मी वस्तादाक म्हटलंय, ही रेती बरी नाय. तो म्हणालो, लाव. मी लावलंय.

रत्नप्रभा : तळमजला आणि पहिला मजला.

धोंडू : व्हय. वरती लावूच्या आधी चांगली रेती इली.

रत्नप्रभा : तळमजल्यावर माझं घर होतं, धोंडूभाऊ.

धोंडू : ठावक आसा. म्हणान तर इतके दिवस तुमच्याकडे बघान बोलूक जमला नाय.

श्रुतिका : काकू, तो तेव्हा साधा कामगार होता. काही बोलला असता तर दुसऱ्या दिवशी गावाला परत. आणि मला पहिली बॅच फुटली त्या दिवशीच सांगितलं त्यानं. मीच म्हटलं, कुणाला सांगू नकोस. माझी चूक आहे ती.

रत्नप्रभा : चूक आहेच तुझी. दर दिवाळीला आम्ही रंग द्यायचो. होळीपर्यंत पापुद्रे सुटायचे. पलंग भिंतीला लावता यायचा नाही, अंथरूण ओलं व्हायचं. हे म्हणायचे, वरच्या नलिनीचं बाथरूम गळतंय.

धोंडू : गळत नसतला. त्या रेतीतलाच मीठ पाणी ओढता.

रत्नप्रभा : नव्हतंच गळत! बिचारीनं दोनदा लाद्या उखडून नव्या घातल्या. ओल तशीच. ती सांगायची, अगं, माझ्याही भिंतींना हेच होतंय. आम्हाला वाटायचं, कांगावा करते. शेवटी बोलणंच बंद झालं. एकाच जिन्यानं जायचं आणि मान फिरवायची. बारा वर्षं. हे गेले, तेव्हा ती खाली आली होती. दार मी उघडलं आणि मीच लावून घेतलं.

धोंडू : बाई...

रत्नप्रभा : थांबा. आत्ता काही बोलू नका.

श्रुतिका : काकू, पाणी देऊ?

रत्नप्रभा : नको. मुकुल हात करतोय तिकडून. वीट लागली वाटतं.

श्रुतिका : नंतर लावू आपण. तुम्ही बसा जरा.

रत्नप्रभा : नंतर कशाला? मी वीट बघायला आले आहे. चल, आकडा वाच. मोठ्यानं.

श्रुतिका : बरं. मुकुल, कर चालू. पाच... आठ... दहा. अकरा गेला.

धोंडू : हळू दे दाब. घाई नको.

श्रुतिका : चौदा... सतरा... वीस. बाबा, आवाज कसला आला?

धोंडू : मशीनचो. विटेचो आवाज येगळो असता. वाच तू.

श्रुतिका : बावीस. तेवीस. काकू, माझ्याच्यानं बघवत नाहीये!

रत्नप्रभा : मग मी वाचते, सरक. तेवीस पूर्णांक सहा. चोवीस. चोवीस पूर्णांक दोन. पंचवीस.

श्रुतिका : पंचवीस! बाबा!

रत्नप्रभा : ओरडू नकोस, आकडा चुकेल. सव्वीस. अठ्ठावीस. अजून उभी आहे. एकोणतीस. तीस. अगं, ही तर तडकायचं नावच घेत नाही! एकतीस... आता फुटली. एकतीस पूर्णांक चार.

श्रुतिका : एकतीस! आठही पास! बाबा, आठही! अरे, घाटकोपरची सोसायटी थांबलीये आपल्या रिझल्टसाठी, दिंडोशीवाले रोज फोन करतायत. आता कुठेही बिल्डिंग पडू दे, तिचा ढीग कचरा नाही, माल आहे माल! मला नाचावंसं वाटतंय!

धोंडू : मगे नाच. मुकुल काय म्हणाचो नाय.

श्रुतिका : आणि तू रडतोयस काय?

धोंडू : धूळ गेली गो डोळ्यात. चाळीस वर्सां भिंती बांधलंय, पण माझी वीट अशी कोणी मोजली नव्हती.

रत्नप्रभा : धोंडूभाऊ, संध्याकाळी सहाला सभेला या.

श्रुतिका : रिपोर्ट मी मांडते ना काकू. बाबाला कशाला?

रत्नप्रभा : आत्ता मला जे सांगितलं, ते त्यांनी सगळ्यांना सांगायचं आहे.

श्रुतिका : वाट लागेल! लोक म्हणतील, ज्यानं आमची घरं ओली ठेवली, त्याचीच मुलगी आता विटा विकायला आली. राजेश तर टपूनच बसलाय.

रत्नप्रभा : बसू दे. लोक विचारणार, पहिली वीट का फुटली? तू काय सांगणार? काळसर रंग? मग दुसरी वीटही पुढे फुटणार नाही कशावरून? त्याला खरं उत्तर एकच आहे, आणि ते ह्यांच्याकडे आहे. कुठला माल घ्यायचा नाही हे जाणणारा माणूस ढिगावर बसला होता, हे कळलं की मी मत देईन. नाही कळलं, तर माझंही मत विरोधात.

श्रुतिका : काकू, तुम्ही रागावला नाहीत?

रत्नप्रभा : खूप रागावले आहे. तो राग घरी नेऊन बघते काय करायचं त्याचं. विटेचा त्यात दोष नाही.

श्रुतिका : बाबा? नाही म्हणालास तरी चालेल. खरंच.

धोंडू : येतलंय, बाई. माका सभेत बोलूची सवय नाय. पण येतलंय.

रत्नप्रभा : जमेल तसं बोला. आणि पुढच्या मलब्यावरही तुम्हीच बसायचं, हेही मी आजच ठरावात घालणार आहे.

श्रुतिका : काकू! म्हणजे तुम्ही धरूनच चाललात की ठराव पास होणार!

रत्नप्रभा : आकडे बघितले ना मी माझ्या डोळ्यांनी. चला, तुम्ही दोघं खाऊन घ्या काहीतरी खाली. मी येते मागून, मला एक फोन करायचा आहे.

श्रुतिका : कमिटीला? मी लावू का?

रत्नप्रभा : बोरिवलीला. मुलाकडे राहते ती आता. सभेत चारचौघांत कळण्याआधी तिला माझ्याकडून कळायला हवं. जा तुम्ही.

धोंडू : चल गो, श्रुतिका.

रत्नप्रभा : हॅलो... नलिनी? मी रत्नप्रभा. हो, खालची. नाही, बरी आहे मी. फोन ठेवू नकोस. अगं, तुझं बाथरूम गळत नव्हतं.