आखाजीची गस्त

खानदेशात नव्या सुनेने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचंच असतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. माझी लग्नानंतरची पहिलीच आखाजी. दादा बैलगाडी घेऊन न्यायला आला, तर सासरे, म्हणजे आबा, दारातच म्हणाले, "पोलीस संगे असला तर जाय. तो रस्ता चांगला नही शे."

खरंच होतं ते. सोनगीरकडच्या त्या रस्त्यावर भरदुपारी बायकांची मंगळसूत्रं ओढली जात होती आणि मी अंगावर सगळे दागिने घालून बसलेली.

मी वाद घातला नाही. दादाला गाडी थेट चौकीवर घ्यायला सांगितली. हवालदार उभ्या जीपच्या सावलीत बसले होते.

"गस्त बंद शे, ताई. सरकारकडून डिझेलचे पैसेच नही उनात, मंजुरी अडकेल शे."

"जीप राहू द्या. आमच्या गाडीत बसा."

"बैलगाडीवर गस्त?"

"बैलांना मंजुरी लागत नाही, भाऊ. कडबा आबांनी दिलाय."

ते हसले. मी उतरून चौकीच्या ओट्यावर बसले. "तुम्ही निघाल तेव्हाच मी निघेन."

दादाने बैल सोडून त्यांना कडबा टाकला, तेव्हा कुठे हवालदारांनी टोपी घातली.

वाटेत आणखी दोन माहेरवाशिणींच्या गाड्या आमच्यामागे लागल्या. हवालदार काठी धरून ताठ बसले होते. कोणी फिरकलं नाही. माहेरी आईने त्यांना आग्रहाने पुरणपोळी आणि आमरस वाढला.

हात धुतल्यावर त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि दादाला हळूच विचारलं, "भाऊ, माले सोडाले येशी ना? त्या रस्त्यानं मी येकला कसा जाऊ?"