मास्तरची पेटी

अवं, नवं लग्न झालं तवा आमच्या ह्यांच्या पलंगाखाली एक जड पेटी होती. बाभुळगावच्या शाळेतले मास्तर, मले वाटलं शाळेचीच पुस्तकं असतील. उघडली तं नुसत्या चित्रकथा!

"मास्तर असून लेकरावानी चित्रं पाह्यता? आजच रद्दीत देते," मी म्हटलं. बिचारे शाळेत गेले. मी गठ्ठा बांधाले बसली अन् वरचा अंक सहज उघडला.

संध्याकाळी ते आले तं चूल थंडी, अन् मी पेटी उपसून बसलेली.

"देल्ली का रद्दीत?" त्यायनं भेतभेत इचारलं.

"राजकुमारीले राक्षसानं गुहेत कोंडलं. पुढचा अंक कुठी हाय?"

"तो केळापूरच्या मित्राले वाचाले देल्ला."

"काहून देल्ला? आधी अंक आणा, मंग सयपाक!"