फूल मधोमध

वारा नव्हता हो त्या दिवशी, हेच तर दुखणं. झाडाचं पान हलत नव्हतं, ऊन नाही, पाऊस नाही, आभाळ कसं पुसलेल्या पाटीसारखं... आता माणूस हरला तर बोट दाखवायला निदान एखादी झुळूक तरी नको का? हॉलच्या सगळ्या खिडक्या उघड्या, आणि बॅडमिंटनचं फूल येत होतं ओळंब्यासारखं सरळ खाली. सरळ खाली, आणि कुठे? माझ्या आणि सिस्टरच्या मधोमध.

तुम्हाला सांगतो, जोडीनं खेळायचं म्हणजे मला आधी वाटायचं, निम्मं मैदान त्यांचं, निम्मं माझं, धावपळही निम्मीच, म्हाताऱ्याला सोयीचं. पण मधलं कुणाचं? सिस्टर म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या, ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेल्या नर्स. काय बाई आहेत! जाळीपाशी उभ्या राहतात, मागे वळून म्हणून बघत नाहीत, नुसत्या माझ्या बुटांच्या आवाजावरून त्यांना कळतं मी कुठे आहे ते. जन्मभर डॉक्टरांच्या हातात अचूक कात्री ठेवलेले हात ते. समोरच्यानं मारायचं मनात आणलं की यांची रॅकेट तिथे हजर. मला त्यांनीच शिकवलं, "भाऊ, आपण मारतोय तेव्हा मी पुढे, तुम्ही मागे. उंच उचलून दिलं की दोघं शेजारी शेजारी. आणि मधलं आलं की बोलायचं." सगळं जमलं हो मला, सावकाश जमलं, पण जमलं. बोलायचंच तेवढं जमेना.

कसं जमणार? जन्म गेला लिफ्ट चालवण्यात. दार धरायचं, "तुम्ही आधी" म्हणायचं, सगळे उतरले की मग आपण. शाळेचं तोंड बघितलं नाही मी, पण हा एक धडा असा मुरलाय की फूल येताना दिसलं रे दिसलं, हात आपोआप बाजूला होतो, मान जराशी झुकते, "या सिस्टर"... आणि फूल मधोमध.

त्यात हॉलचे सेक्रेटरी टपलेले. अगदी साखरेच्या आवाजात म्हणतात, "जोड्यांचा समतोल नको का बघायला? रविवारी त्या टेलर नवरा-बायकोच्या जोडीकडून हरलात, तर सिस्टर माझ्याबरोबर खेळतील." समतोल म्हणे. सिस्टर गेल्यावर मला कोण घेणार? बाकावर बसून लोकांचे टॉवेल सांभाळायचे.

घरी सांगितलं, तर बायकोनं बशीत शेवटचं बिस्किट ठेवलं.

"म्हणा, माझं."

"तू घे की."

"अहो, माझं म्हणा."

"अर्धं अर्धं करू या का?"

तिनं ते उचलून शांतपणे खाल्लं आणि म्हणाली, "असंच पडतं बघा तुमचं फूल." आठवडाभर शेवटचं बिस्किट तिचंच. शनिवारी एकदाचं तोंडातून निघालं, "माझं," तर इतकं हळू की ती म्हणते, "काय, पाणी हवंय?"

आणि रविवारी समोर टेलर आणि त्यांची बायको. ऐकायला या एकदा. "सरक की." "तूच सरक, विकत घेतलंयस का मैदान?" "मागे बघ, मागे." "डोळे आहेत मला, शिवले नाहीस अजून." पण त्या भांडणात एक फूल वाया जाईल तर शपथ. मी तर बघतच राहिलो. कौतुकानं बघत राहिलो... आणि फूल मधोमध.

तरी सिस्टरनी ओढत ओढत शेवटापर्यंत आणलं. आता एक पॉइंट गेला की खेळ खलास, जोडीही खलास. टेलरनी उंच मारलं. फूल चढलं, थांबलं, वळलं... आणि माझ्या पोटातून कुठूनसं आलं, "माझं!" शेजारच्या कोर्टावरचे थांबले. सिस्टरनी कधी नव्हे ते मागे वळून बघितलं, आणि त्या बाजूला झाल्या. माझ्यासाठी बाजूला झाल्या हो! मी आजवर इतक्यांची दारं धरली, माझ्यासाठी कुणी धरलं होतं? मी मागे धावलो, आणखी मागे, रॅकेट फिरवली, लागलंसुद्धा... आणि गेलं जाळीत.

टेलर आणि त्यांची बायको जिंकल्यावरही भांडत होती, कुणामुळे जिंकलो म्हणून. सेक्रेटरी हसत हसत सिस्टरकडे निघाले. मी आपला मुकाट्यानं बाकावर बसलो, टॉवेलांच्या घड्या करायला घेतल्या. दुसऱ्या घडीला सिस्टर आल्या, माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, ते बाहेर जात होतं. जन्मभर सोडत आलात आणि नेमकं आजच धरलंत. उद्या वेळेवर या, सोडायचं कधी ते शिकवते. सेक्रेटरींना सांगून आलेय मी, पेशंट आत्ता कुठे बोलायला लागलाय, मध्येच वॉर्ड कोण बदलतं?"