पथ्य संपलं

पिंपरीच्या बसथांब्यावर दवाखान्यातून आलेलं एक म्हातारं जोडपं माझ्या शेजारी बसलं होतं.

"शालन, मला बाहिर बसवून डॉक्टरनं तुला काय सांगितलं?"

"आता पथ्य न्हाई म्हनले. जे आवडंल ते खाऊ द्या."

"अन् औषध?"

"ते बी बंद."

"बरं."

"कुठं जेवायचं, सांगा की."

"मटन खाऊ. लई दिस झाले. तू काय खाशील?"

"मला भूक न्हाई, अवं."

"दोन घास खा. मंग मंडईत जायचंय."

"आज कशाला? आपल्या कुरुळीत मिळती की भाजी."

"आजवर बाजार मीच केला. आज तू भाव कर, मी नुसता मागं हुबा राहतो."

"मला न्हाई जमायचं."

"जमंल. आज चुकलीस तर मी हाय."