अकरा पॉइंट शून्य चार

आणि वर मलाच ऐकवतात, व्हर्नाबाई, नियम तर तुमचाच... हो, माझाच, नाही कोण म्हणतंय, पण नियम करताना माणूस जिवंतांचाच विचार करतो ना?

तुम्हाला सांगते, आमच्या अलाबामात भुईमुगाच्या शेतांमधून पाव मैलाची सरळ पट्टी आहे, दर शनिवारी दुपारी दोन-दोन गाड्या शर्यतीला सोडतात, आणि माझा नवरा रॉइस तिथे वीस वर्षं हरला. पूर्वी कसं होतं, आपली गाडी किती सेकंदांत पोचेल तो आकडा ज्याने त्याने बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा, आपल्या आकड्याच्या जास्त जवळ येईल तो जिंकला, आकड्याच्या आधी पोचला तर बाद. ऐकायला गरिबाचा खेळ. पण तिथे शर्यतीला येणाऱ्या पैसेवाल्या ट्रेंटने गाडीत एक डबा बसवला, गाडी नेमकी कधी सुटायची ते डबा ठरवणार, हा नुसता बसणार, आणि डबा आमच्या अख्ख्या गाडीहून महाग.

रॉइस जानेवारीत गेला. मार्चच्या सभेत मी उभी राहिले, म्हटलं, डबे बंद, टायर सगळ्यांना एकच, स्वस्तातले, आणि आपापले आकडेही बंद, सगळ्यांना एकच वेळ, अकरा सेकंद. ट्रेंट म्हणतो, "डबा काढला म्हणून तुम्ही जिंकणार होय, बाई?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रॉइसची गाडी आता मी पळवणार, सप्टेंबरअखेर एक फेरी जिंकले नाही तर ती तुझी." पट्टीचा मालक हार्लन म्हणाला, "व्हर्नाबाई, जरा दमानं..." म्हटलं, "तू गप रे." झाला नियम.

स्वस्त झालं, चुरशीचं झालं, केसाएवढ्या फरकाने फेऱ्या व्हायला लागल्या. आणि मी? अकरा पॉइंट शून्य चार. समोरचा अकरा शून्य दोन, मी शून्य चार. अहो, गाडी उन्हात मंदावते, गारव्यात पळते, सगळ्यांचीच. हिची नाही. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढली, जॅक काढला, मी दोन दिवस उपाशी राहिले... शून्य चार. आणि नियम माझाच, बोलायची सोय नाही.

हा आकडा रॉइसचा हो. शेवटच्या शर्यतीला काचेवर लिहिलेला. मी व्हिनेगरने घासून पुसला होता, पण गाडी रेषेवर उभी केली, श्वासाने काच धुरकटली की तो हळूहळू वर येतो. हार्लन म्हणाला, "पॉलिशचा तेलकटपणा राहतो काचेत." राहत असेल. मी काच बदलली.

नव्या काचेवरही आला.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, समोर ट्रेंटच. तो अकरा शून्य तीन. मी किती, ते विचारू नका. किल्ली त्याच्या हातात ठेवली, घरी येऊन भांडी घासली, दोनदा. नियम माझाच, रडायची सोय नाही.

चौथ्या शनिवारी गाडी माझ्या दारात. ट्रेंट उतरला, तोंड पांढरंफटक.

"परत घ्या ही."

"का? हरलास?"

"तीनदा. शून्य चार, शून्य चार, शून्य चार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, बाहेरून लिहिलेला आकडा आत बसल्यावर उलटा दिसायला हवा ना?"

"हवा."

"मला सरळ दिसतो."

मलाही सरळच दिसायचा. मी कुणाला बोलले नव्हते. शेजारच्या सीटवरून कुणी हात लांब करून लिहावा तसा, नीट, चारचं शेपूट जरा लांब. रॉइसचा चार तसाच.

म्हटलं, "चहा घेतोस?" बसला नाही, पायी गेला.

आता ऐका. परवाच्या सभेत ट्रेंट स्वतः उठला, म्हणाला, डबे नकोत, स्वस्तातले टायर राहू देत, फक्त आकडा ज्याचा त्याला लिहू द्या. म्हणजे बघा, मी काचेवर शून्य चार लिहायचं आणि ही गाडी शून्य चारलाच पोचणार, थंडीत, उन्हात, दर शनिवारी. जन्मात हरणार नाही. रॉइस वीस वर्षं ज्यासाठी झुरला ते समोर वाढून ठेवलेलं. कळत होतं हो मला, सगळं कळत होतं. हार्लनने विचारलं, "नियम बदलायला विरोध कुणाचा?" आणि माझ्या नियमाला हात लावतात म्हटल्यावर मी ताडकन उभी... काय करणार, स्वभाव.

एका मताने पडला ठराव.