पाण्यावर तरंगलेलं ईथर

गणपतराव, तुमीच सांगा, विश्वास ठेवावा तो दुकानदाराच्या जिभेवर, की आपल्या डोळ्यांवर?

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत अमरावतीत माझ्या दादाचा पाय गाठींच्या गाडीखाली चिरडला. डॉक्टर म्हणाले, "पंजा कापावा लागेल. अकोल्याहून ईथर आणा, ते हुंगवून बेशुद्ध केलं म्हणजे त्यांना कापल्याचं कळणार नाही. पण अस्सल आणा. दारूच्या दोन कणांतलं पाणी काढून ते मधल्या प्राणवायूनं जोडले की ईथर होतं. दारू पाण्यात मिसळते, ईथर मात्र वर तरंगतं." आणि एक काचेची नळी हातात दिली.

अकोल्याच्या दुकानदारानं बाटली पुढं केली. "शेठजी, खास मुंबईचा माल!"

भाव चढल्यापासून लोक कापसाला पाणी मारून वजन वाढवत होते. ईथरला काय मारलं असेल? मी नळीत अर्धं पाणी, अर्धं ईथर घातलं, तोंडावर अंगठा दाबून हलवलं. वरचा थर बोटभर होता, तो नखाएवढा उरला.

"बाकीचं कुठं गेलं, भाऊ?"

"उडालं असन जी."

"माह्या अंगठ्यातून? दारू विकून राहिला ना मले!"

तो आत जाऊन दुसरी बाटली घेऊन आला. तिचा थर हलवूनही जवळपास तेवढाच तरंगला.

दादा शुद्धीवर येताच डॉक्टरांवर डाफरला, "नुसते बसले काहून? कापा ना लवकर!" पंजा कापून, पट्टी बांधून तास झाला होता!

आता तुमी दवादुकान मांडून राहिले. बाटलीत जे असेल तेच विक्रीच्या वहीत लिहा. नळी अजून माझ्या खिशात आहे.